धान्य बंद असलेल्या मुलाला सकाळी शाळेआधी काय खायला द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहा वर्षांचा, डॉक्टरांनी तीन महिने धान्यं बंद केली आहेत, शाळेची बस पावणेसातला येते, सात दिवसांचे सात पदार्थ हवेत. आणि घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, "त्यात काय एवढं, उपवासाचं सगळं चालतं."

सात पदार्थ होतील की नाही ते बघू. मी लिहायला बसले ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. धान्याच्या पथ्याची निम्मी माती तेच वाक्य करतं.

उपवासाला काय चालतं हे रूढीने ठरवलंय. वरई चालते, पण वरई हे सरळसरळ धान्य आहे, गवताच्या कुळातलं, नाचणी-बाजरीचं भावंड. मूगडाळ उपवासाला चालत नाही, पण डॉक्टर ज्याला 'ग्रेन' म्हणतात त्यात ती सहसा येतच नाही. म्हणजे उपवासाची यादी लावली की पथ्य मोडणारी वस्तू ताटात येते आणि मुलाच्या सगळ्यात उपयोगाची वस्तू डब्यातच राहते.

घोळाचं मूळ आपल्या शब्दात आहे. आपण तृणधान्यालाही धान्य म्हणतो, कडधान्यालाही धान्य म्हणतो. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना तीनच प्रश्न विचारा: डाळी-कडधान्यं चालतील का? राजगिरा आणि कुट्टू, म्हणजे बकव्हीट, चालेल का (ही गवतं नाहीत, पण काही पथ्यांत ती धान्यातच धरतात)? बटाटा, रताळं, साबुदाणा चालेल का? आतड्याच्या काही विकारांत जे कडक पथ्य देतात त्यात बटाटा आणि साबुदाणाही बंद असतो. मी खाली जे लिहितेय ते तृणधान्यं बंद, पण डाळी, राजगिरा, कंद, दूध, अंडी, शेंगदाणे चालू, असं धरून.

तृणधान्यं म्हणजे फक्त गहू-तांदूळ नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. पण 'हलकं आहे, चालेल' म्हणत जे हमखास शिरतं ते एकदा म्हणून टाकते: पोहे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, ओट्स, कॉर्नफ्लेक्स, कस्टर्ड पावडर (ती बहुतेक वेळा मक्याचं पीठच असते), आणि आजीच्या हातचं नाचणीचं सत्त्व. नाचणी कितीही गुणी असली तरी धान्यच.

आता साबुदाणा. तो धान्य नाही, हे खरं. टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च आहे तो, आपल्याकडे येतो तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. खिचडीत जी काही ताकद असते ती शेंगदाण्याच्या कुटाची. म्हणून द्यायचीच असेल तर माप बदला: एक वाटी साबुदाण्याला पाव वाटी कूट घालतात तिथे अर्धी वाटी साबुदाण्याला अर्धी वाटी कूट घाला, बटाट्याच्या जागी पनीरचे तुकडे टाका, वर दही. आठवड्यातून एकदा. रोज खिचडी खाऊन मूल दहा वाजता पेंगतं आणि बाई डायरीत लिहितात 'लक्ष नसते', तो दोष मुलाचा नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. पोळी-भात बंद झाला की त्यातून मिळणारी प्रथिनंही जातात, हे लक्षात राहत नाही. ती सकाळीच भरून काढायला सर्वांत सोपी वस्तू म्हणजे मूगडाळीचं धिरडं. हे नीट सांगते, कारण "आम्ही केलं, तव्याला चिकटलं, सोडून दिलं" असं सांगणारे फार भेटतात.

पिवळी मूगडाळ एक वाटी, साधारण १५० ग्रॅम. संध्याकाळी तीन पाण्यांनी चोळून धुवा आणि अडीच-तीन तास भिजवा. रात्रभर नको. उन्हाळ्यात आंबूस वास येतो आणि डाळ इतकं पाणी पिते की वाटण सैल होतं. दाणा नखाने सहज तुटला की भिजली. मग चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. मिक्सरमध्ये अर्धा इंच आलं, अर्धा चमचा जिरं, मुलाला चालत असेल तेवढी मिरची आणि फक्त चार-पाच चमचे पाणी घालून वाटा. दोन बोटांत चोळून पाहिलं तर बारीक रव्यासारखं लागलं पाहिजे. गुळगुळीत गंध केलंत तर धिरडं चामट होतं, मूल चावत बसतं आणि बस जाते. मीठ रात्री घालू नका, पीठ पाणी सोडतं. आंबवायची गरज नाही. झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

सकाळी उठल्याबरोबर लागेल तेवढंच पीठ बाहेर काढा. थंडगार पीठ तव्यावर टाकलं की खालून धरतं आणि वरून कच्चं राहतं, वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. मीठ घाला. पीठ इडलीच्या पिठाएवढं घट्ट हवं. तवा लोखंडी असेल तर आधी चांगला तापवा, मग आच कमी करा, पाण्याचा हबका मारून पुसून घ्या आणि अर्ध्या चिरलेल्या कांद्याने तेल फिरवा. पळीभर पीठ मधोमध टाकून वाटीच्या बुडाने आतून बाहेर गोल फिरवत पसरवा. पीठ पसरण्याऐवजी वाटीबरोबर गुंडाळून येऊ लागलं तर तवा जास्त तापलाय. पुन्हा पाण्याचा हबका मारा, पीठ सैल करू नका. कडेने अर्धा चमचा तेल, एक मिनिट झाकण. वरचा फिकट पिवळा रंग गडद झाला आणि कडा आपोआप सुटल्या की उलटा. घाई केली तर मधोमध फाटणारच, डाळीत गव्हासारखा चिकट धागा नसतो. पहिलं धिरडं बिघडतं, ते आपण खायचं.

एवढ्या पिठाची सात मध्यम धिरडी होतात, एकात साधारण पाच ग्रॅम प्रथिनं. दोन धिरडी आणि वाटीभर दही पोटात गेलं की दिवसाचं निम्म्याहून जास्त काम सातच्या आत झालं. तांदूळ नसल्यामुळे डोशासारखी कुरकुरीत कड येणार नाही, तिच्या मागे लागू नका. गाजर-दुधी किसून घालणार असाल तर आयत्या वेळी आणि पिळून. डब्यात द्यायचं असेल तर गरम असतानाच तूप लावून गुंडाळी करा आणि सुती फडक्यात ठेवा. फॉइलमध्ये गरम गुंडाळलं की वाफ धरून ओलंगिच्च होतं. पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी वास घेऊन बघायचीही वेळ आणू नका.

दुसरा भरवशाचा पदार्थ राजगिऱ्याचं थालीपीठ. एक वाटी पीठ, एक मध्यम उकडलेला बटाटा, दोन मोठे चमचे कूट, चमचाभर दही, जिरं, मीठ, कोथिंबीर. बटाटा आदल्या रात्री उकडून सालासकट थंड करून ठेवा आणि सकाळी किसा. ताज्या उकडलेल्या गरम बटाट्याने पीठ चिकट होतं, मग हात सुटावा म्हणून आपण आणखी पीठ घालतो आणि थालीपिठाची वीट होते. पाणी दोन-तीन चमच्यांपेक्षा जास्त लागत नाही, आणि मळून ठेवू नका, पाच मिनिटांत सैल पडतं. ओल्या पंच्यावर अर्धा सेंटीमीटर जाड थापा, मध्ये भोक पाडा, पंच्यासकट तव्यावर पालथं घालून फडकं अलगद सोडवा. याहून पातळ थापलं की उलटताना तुटतं. मंद आच, झाकण, एका बाजूला तीन-चार मिनिटं. राजगिरा लवकर लाल होतो आणि करपला की कडवट लागतो, म्हणून मोठ्या आचेवर वरून झालेलं दिसतं आणि आत कच्चं दाताला चिकटतं. पिठाचा जुनाट तेलकट वास आला तर फेकून द्या. राजगिऱ्यात तेलाचा अंश बराच असतो, पीठ खवट होतं. पाव किलोच्या वर आणू नका.

राजगिऱ्याची लाही दुधात घालून देतात, दिसायला छान, पण वाटीभर लाही वजनाला जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम भरते. नुसत्या लाहीवर मूल पाठवू नका. बरोबर मूठभर कूट किंवा एक उकडलेलं अंडं हवं. अंडं चालत असेल तर अर्धा प्रश्नच सुटतो, दोन अंड्यांत बारा ग्रॅम प्रथिनं. त्यावर मी जास्त लिहीत नाही, अंड्याची पोळी सगळ्यांना येते.

रताळ्याचा कीस: तूप-जिरं-मिरचीवर कीस टाकून पाणी न घालता झाकण ठेवा, पाच-सहा मिनिटांत शिजतो. सारखा ढवळला की लगदा होतो. कूट शेवटी, गॅस बंद करायच्या आधी मिनिटभर. शिंगाड्याचं पीठ तुपावर मंद भाजून गार दुधात कालवून लापशी करता येते. गरम दुधात पीठ टाकलं तर गुठळ्या, आणि पातळ वाटली तरी उतरवा, गार होताना दुप्पट घट्ट होते. बेसनाचा पोळा आणि पनीर भुर्जी हे शनिवारचे, सावकाश खाता येईल तेव्हाचे. मोजून बघा, सात तरी झाले असतील.

आता ज्यांच्या मुलाला सीलियाक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) किंवा गव्हाची अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी. वरचे पदार्थ बरोबर करूनही मूल आजारी पडतं तेव्हा दोष बहुधा गिरणीचा असतो. गव्हाच्या दळणावर तुमचा राजगिरा दळला की पहिलं मूठ-दोन मूठ पीठ गव्हाचंच. राजगिरा निवडून, किंचित गरम करून घरच्या मिक्सरमध्ये थोडा थोडा दळा आणि चाळा. दुसरी गोम हिंगाची. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, डबीवरची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर हिंग सोडा, जिऱ्यावर भागतं. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा, त्याच्या भेगांतलं पीठ धुऊन जात नाही. आणि थालीपिठाची तयार भाजणी मुळीच नको, तिच्यात बहुतेक वेळा गहू असतो.

हे आधी सांगायला हवं होतं: नुसतं सीलियाक असेल तर गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, 'rye' नावाचं धान्य) बंद करायचे असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालते, आणि तिथे सगळी धान्यं बंद करणं म्हणजे मुलाला विनाकारण उपाशी ठेवणं. तपासणी व्हायच्या आधीच गहू बंद केला असेल तर रक्ताची चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते, हे डॉक्टरांना सांगा. फिट्ससाठी किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहार दिला असेल तर माझं वरचं सगळं विसरा, तिथे प्रत्येक घास ग्रॅममध्ये मोजून आहारतज्ज्ञच ठरवतात. लहान भावंड घरात असेल तर त्याच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नका, कूटच द्या.

राहता राहिली वरई. आमच्याकडे हा वाद एकादशी आली की होतो. मोठ्या वहिनी म्हणतात, ती धान्य असती तर उपवासाला चालली असती का? इगतपुरी-जव्हारकडे पावसाळ्यात डोंगरउतारावर बघा, वरकस जमिनीत नाचणीच्या शेजारच्या तुकड्यात वरई लावलेली असते, तसाच राब भाजून (पालापाचोळा जाळून रोपांची जागा तयार करून), तशीच रोपं उपटून. लोंबी येते, झोडपतात, सालं काढायला गिरणीत नेतात. आणि वाण्याकडे आपण मागतो काय, तर वरीचे तांदूळ. वहिनी, एकादशीला तुम्ही खुशाल खा, शेंगदाण्याची आमटी मीच करून देईन. या मुलाच्या ताटात तेवढी वाढू नका.