टर्बो, कोड ब्लॉक्स की व्हिज्युअल स्टुडिओ? एका वडिलांच्या पत्राला उत्तर

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, कॉलेजात टर्बो सीवर प्रॅक्टिकल, पुण्यातला मावसभाऊ म्हणतो टर्बो काढून टाक आणि व्हिज्युअल स्टुडिओ घे, आणि क्लासवाले "प्रोफेशनल कंपायलर" (लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर) टाकून द्यायचे 1500 मागतायत. घरी 4 जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप. आणि तुमची खरी काळजी ही की चुकीच्या कंपायलरवर शिकला तर पुढे नोकरीला अडेल का.

आधी ते 1500 खिशातच ठेवा, घरी शिकायला लागणारे सगळे कंपायलर फुकट मिळतात. आणि नोकरी कंपायलरच्या नावावर अडत नाही, अडते ती सवयीवर. कशी ते सांगतो.

टर्बो सी++ 3.0 हे बोरलँडचं, डॉस नावाच्या जुन्या सिस्टीमच्या काळातलं, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचं. सी++ भाषेचं पहिलं स्टँडर्ड, म्हणजे अधिकृत नियम, आलं 1998 ला, म्हणजे भाषेचे नियम पक्के व्हायच्या आधीचा हा कंपायलर, त्यामुळे त्यातलं वॉइड मेन, आयओस्ट्रीम डॉट एच, ती क्लिअर स्क्रीनची ओळ, हे बाहेर कुठे नेलं की अडकतं. आजच्या विंडोजवर तो चालवायला डॉसबॉक्स, म्हणजे विंडोजमध्ये डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लागतो तो वेगळाच. गंमत म्हणजे जीसीसी नावाचा दुसरा फुकटचा कंपायलर त्याच्याहूनही जुना, 1987 चा, पण त्याच्यावर आजही काम चालू आहे आणि टर्बोवरचं कधीच थांबलं.

मुलाला आज रात्री एक करायला सांगा. फॅक्टोरियलचा (1 पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) प्रोग्राम, साधा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, वापरून, टर्बोत चालवायचा. 7 ला 5040 येईल, बरोबर. 8 ला यायला पाहिजे 40320, पण येईल उणे 25216! प्रोग्राम चुकलेला नाही, टर्बोत इंट दोन बाइटचा, 32767 च्या पुढे गेलं की आकडा फिरून उणे होतो. तोच प्रोग्राम जीसीसीत नेला की नीट 40320, कारण तिथे लॅपटॉपवर इंट चार बाइटचा. मग तिथे 13 चा फॅक्टोरियल काढायला सांगा, तिथेही गडबड. हे पोराने स्वतः बघितलं की इंट म्हणजे काय ते डोक्यात बसतं, आणि लगेच टर्बोला हसायचंही नाही, कारण आर्डुइनो उनो आर 3 ह्या छोट्या सर्किट बोर्डावर आजसुद्धा इंट दोनच बाइटचा आहे, आणि तिथे आत जीसीसीच बसलेला आहे. पुढे एम्बेडेडकडे, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या चिपच्या प्रोग्रामिंगकडे, वळला तर हे रोजचं काम.

आता मावसभावाचा व्हिज्युअल स्टुडिओ. चांगला आहे, चूक शोधायला मदत करणारा डीबगर तर फारच छान, पण कित्येक जीबी जागा खातो आणि 4 जीबी रॅमवर उघडेपर्यंत चहा होतो. वर साधा स्कॅनएफ (कीबोर्डवरून आकडा घ्यायची आज्ञा) लिहिला की असुरक्षित आहे म्हणून अडून बसतो, पहिल्या वर्षाचं पोरगं घाबरतं. विंडोजवर नोकरीचं काम लागेल तेव्हा बघू. आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे वेगळं बरं का, तो नुसता एडिटर, कंपायलर त्यात नसतो, ह्यात अर्धी पोरं आठवडा घालवतात. क्लँग हा आणखी एक कंपायलर, त्याचे एरर मेसेज वाचायला सोपे, मॅक असता तर तोच म्हणालो असतो.

तुमच्या लॅपटॉपला कोड ब्लॉक्स, म्हणजे प्रोग्राम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर, टाका, पण डाउनलोड करताना नावात मिनजीडब्ल्यू असलेलीच फाइल घ्या, त्यात जीसीसी आतच येतो. दुसरी घेतली तर कंपायलरच सापडत नाही म्हणून ओरडत बसेल. मग सेटिंगमध्ये सगळ्या वॉर्निंग चालू करायच्या, डॅश डब्ल्यूऑल म्हणतात ते. टर्बो आपला बिचारा बरंच काही गुपचूप गिळतो, जीसीसी कटकट करतो, आणि शिकणाऱ्याला कटकट करणाराच पाहिजे.

माझंच सांगतो. पहिल्या इंटरव्ह्यूत मला आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय (दोन्ही आयची किंमत एकाने वाढवतात) ह्यांची बेरीज विचारली, मी टर्बोत आलेलं उत्तर ठासून सांगितलं. समोरचे म्हणाले, ह्याला भाषेच्या नियमात उत्तरच नाही, कंपायलर काहीही देऊ शकतो. गप्प बसलो. वॉर्निंग चालू ठेवून जीसीसीत तीच ओळ लिहिली असती तर त्याने तेव्हाच सांगितलं असतं.

परीक्षेत मात्र सर शिकवतात तसंच लिहायचं, तिथे शहाणपणा नको, मार्क जातात. म्हणून टर्बो काढू नका, प्रॅक्टिकलपुरता राहू दे, बाकी सगळं कोड ब्लॉक्सवर.

ते 13 च्या फॅक्टोरियलचं काय आलं आणि का आलं, ते मुलालाच मला लिहायला सांगा, तुम्ही नका लिहू.