उभी गाडी काहून बोंबलते?

प्रश्न : दादा, माही १०० सीसीची कार्बोरेटरवाली गाडी हाय, बारा वर्षं झाले. सकाळी थंडी असली का बरोबर चालते, पण गावातून दारव्ह्याले पोचलो का उभ्या गाडीची रेस आपोआप वाढते, बँकेसमोर उभा राह्यलो तं लोकं पाह्यतेत. मिस्त्रीनं स्लोचा स्क्रू (उभ्या गाडीची रेस कमी-जास्त कराचा) पुरा ढिला केला, आता सकाळी बंद पडते अन् दुपारी पुन्हा तेच. तो म्हणते नवीन कार्बोरेटर टाक. टाकू काय?

उत्तर : थांबा भाऊ, पैसे खिशातच ठेवा. थंडीत ठीक अन् गरम झाल्यावर रेस, त्यातही स्क्रू ढिला करूनसुद्धा, म्हणजे माझा पहिला संशय स्क्रूवर नाहीच, कुठून तरी चोरून हवा घुसते आहे. कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग) अन् इंजिनच्या मधात जो काळा होल्डर असते ना, त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडं) उन्हातान्हात कडक होते, होल्डरच रबरी असला तर त्याला चिरा पडतात, इंजिन तापलं की फट उघडते. इंजिन हवा ओढतेच, ती न मोजलेली हवा आत गेली की मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि रेस चढते, प्लग काढून पाहा, टोक पांढरंफटक असेल तर समजा तेच आहे.

पण आधी दोन मिनिटांचं काम. गाडी सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे वळवा. रेस बदलली तर एक्सिलेटरची वायर ताणली जाते (गाडी कधी पडली होती का? हँडल बदललं का?). मुठीला २ ते ६ मिलिमीटर ढील पाहिजेच. चोकही पूर्ण बंद होतो की नाही पाहून घ्या.

हे ठीक निघालं तर गरम गाडी चालू ठेवून इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीनं होल्डरच्या सांध्यावर थोडंसं साधं पाणी मारा, प्लगच्या टोपीवर नाही. रेस क्षणभर पडली की फट तिथंच. पेट्रोल मारून पाहतात काही जण, तसं करू नका, गरम सायलेन्सर बाजूलाच आहे. आणि वावरात औषध मारायचा पंपही नको, नाकातोंडात जाईल.

ओ-रिंग चहा-पोह्याच्या पैशात येते. बदलताना कार्बोरेटरचं तोंड काचेवर टेकवून पाहा, कारण आपले मिस्त्री दोन्ही बोल्ट पाना मोडेस्तोवर आवळतात आणि ते तोंड वाकडं होते, मग नवीन रिंगही हवा अडवत नाही. वाकडं असेल तर काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून हलक्या हातानं घासा. मग गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा आणि तेव्हा स्लोचा स्क्रू बसवा, साधारण १४०० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे). मीटर नसेल तर कान लावा, ठोके एकसारखे पडले आणि एक्सिलेटर सोडल्याबरोबर रेस खाली आली की झालं. हवेचा स्क्रू (कार्बोरेटरवरचा दुसरा, मिश्रण जुळवायचा) मात्र बंद करताना जोर लावू नका, त्याचं टोक नाजूक असते, हलकं टेकवून दीड-दोन फेरे उघडा अन् तिथून कानानं जुळवा.

प्रश्न : माझी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी आहे. सकाळी सुरू केल्यावर रेस जास्त असते. हाही तोच रोग का?

उत्तर : नाही. तुमच्या गाडीत कार्बोरेटर नाही, इंजिन थंड असलं की तिचा कंप्युटरच रेस चढवतो. तापल्यावरही खाली येत नसेल किंवा मीटरवर इंजिनचा दिवा लागून राहिला असेल तरच न्या, आणि मिस्त्रीनं थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाच्या) स्क्रूला पेचकस लावायच्या आधी त्याचा हात धरा.