२२ फुटी लाकडी लाँचला ३५ एचपी इंजिन चालेल का?

तुम्ही विचारलंय, सामान न्यायला आणि घरच्यांना फिरवायला लाँच बांधतोय, डिझेल कमी लागावं म्हणून काय करू, लाकूड कोणतं घेऊ, ३५ एचपी पुरेल का. पुरेल? निम्मं वाया जाईल.

आमची लाँच बांधताना थोरल्या भावाचा एकच हेका होता, "जोर हाताशी असलेला बरा." बसवलं तीसचं इंजिन. वर सामान जास्त मावावं म्हणून मागचा भाग रुंद, मागची फळी पाण्यात चांगली वीतभर बुडालेली. थ्रॉटल दाबला की बूड खाली, नाक आभाळाकडे, आणि वेग साडेसहा नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) पुढे ढिम्म सरकेना. सरकणार कसा? पाण्याला टेकलेली लांबी २० फूट. तिचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे ६ नॉट. त्यापुढे असली होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत बसते आणि डिझेल त्या चढणीत जातं.

एकदा सावकाश चाललो होतो. मागच्या फळीजवळ एक वाळकं पान पडलं. मला वाटलं, मागे राहील. छे! गरगर फिरत, फळीला चिकटून, किनारा येईपर्यंत सोबत. म्हणजे लाँचबरोबर आम्ही पिंपभर पाणीही ओढत होतो. रोज.

पुढच्या हंगामात लाँच उलटी केली, मागचा तळ कापून हळूहळू वर चढवत नेला, इतका की माल भरल्यावरही फळीची खालची कड पाण्याला जेमतेम टेकावी. इंजिन १२ एचपी, त्याला रिडक्शन गिअर (इंजिनाचे फेरे कमी करून पंख्याला देणारा) आणि पाण्यात सावकाश फिरणारा मोठा पंखा. आता साडेचार नॉटने जातो. पूर्वीच्या एका फेरीच्या डिझेलात दोन होतात आणि बोलताना ओरडावं लागत नाही. दादा म्हणतो, जुनं इंजिनच खराब होतं. मग ते पान काय इंजिनाला चिकटलं होतं?

गणित सोपं आहे. वेग पाऊणपट केला की लागणारी ताकद निम्म्याखाली येते. भरलेल्या लाँचच्या वजनाच्या टनामागे ३ ते ५ एचपी बस्स. वजन वाढवू नका, जे वाढेल ते मागे रचू नका.

हां, तुमच्याकडे पाण्याच्या प्रवाहाची ओढ जोरदार असेल किंवा समोरून वारा नेहमीचा असेल, तर थोडं जास्त घ्या. दादाचं तेवढं खरं. पण थोडं म्हणजे पंधरा, पस्तीस नाही.

लाकडाचं राहिलंच. मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) आणि इपॉक्सी (घट्ट बसणारा राळेसारखा डिंक) घ्या, हलकं पडतं. प्लायच्या कापलेल्या कडा मात्र इपॉक्सी पाजून बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. आणि कुजवतं ते बहुधा आत साचलेलं पावसाचं पाणी, खारं नव्हे. वर आच्छादन घाला, पण हवा खेळती ठेवून. आमचं पहिलं आच्छादन दादाने घट्ट बांधलं होतं, तो किस्सा वेगळाच.