तुमचा प्रश्न, आमचं उत्तर : ट्रेलरचं एकच चाक तापतंय

प्रश्न (लातूर) : दादा, बोलेरोमागं कॅम्पर ट्रेलर जोडून तुळजापूरला निघालो, औशाच्या पुढं चहाला थांबलो तर डाव्या चाकाचा हब (मधला भाग) इतका तापलेला की हात ठेववंना, उजवा मात्र कोमट. ग्रीस तर दिवाळीत भरलंय, मग तापायलंय कशानं? आतली बॅटरीपण रात्रीत बसली.

उत्तर : एकच चाक तापतंय म्हणजे दोष उन्हाचा नाही भाऊ, उन्हानं दोन्ही तापली असती. एकतर ब्रेक चिकटतोय नाहीतर बेअरिंग (हबातले छर्रे, ज्यांवर चाक फिरतं) बिघडलंय. गार होऊ द्या, वरून पाणी ओतू नका (हे आपल्याकडं सगळे करतात!), मग गाडीला जोडलेलं असतानाच उजव्या चाकाला दगड लावून जॅकवर उचला आणि चाक हातानं फिरवा, जड फिरलं तर ब्रेक बघा, खरखर आली किंवा वर-खाली धरून हलवल्यावर डुगडुगलं तर बेअरिंग. ग्रीस भरलं म्हणता पण जुनं काढलं होतं का? जुन्यावरच नवं थापलं आणि सील (धूळ अडवणारी रबरी कडी) फाटकं असलं की धूळ आत जाते अन् ग्रीसची घासून झिजवणारी पॉलिश पेस्टच होते. बेअरिंग रॉकेलनं धुवून, वाळवून, नवं ग्रीस भरून नवं सील टाका. बेअरिंगचा मधला नट चाक फिरवत आवळायचा, मग किंचित सैल करायचा, स्प्लिट पिन (तो नट सुटू नये म्हणून घालतात ती) नवीनच. बरेच मेकॅनिक नट कचकचून आवळतात आणि तिथंच घोटाळा होतो. चाकाचे नट ऐंशीएक किलोमीटरवर परत तपासा.

बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर भरलेली साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या खाली नेऊ नका. गाडीकडून चार्जिंगसाठी येणारी वायर बारीक असेल तर ती जाड टाका.