आरशापलीकडे गेलेल्या ॲलिसच्या गोष्टीला काही संगती आहे, की सगळं नुसतंच स्वप्न?

संगती आहे. फक्त वाचताना शेजारी बुद्धिबळाचा पट मांडून बसा.

तुम्ही लिहिलंय की लुईस कॅरॉलचं ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ दोनदा हातात घेतलंत आणि दोन्ही वेळा आगगाडीपाशी सोडून दिलंत. मीही तिथंच सोडलं होतं. आरशातून पलीकडे गेलेली मुलगी टेकडीवर काय चढते, एकदम गाडीत काय बसते, डब्यात समोर बोकड आणि कागदाचे कपडे घातलेला गृहस्थ! पहिल्या पानांत पटाचं चित्र आणि खाली चालींची यादी होती, ती मी सजावट समजून उलटली होती.

दुसऱ्यांदा वाचलं ते भाचीमुळे. ती नुकतीच बुद्धिबळाच्या क्लासला जायला लागली होती आणि तिनं ते चित्र पाहताच फरशीवर डाव मांडला. गोष्टीत पांढरे विरुद्ध लाल असा खेळ आहे. आमच्याकडे लाल नव्हते, म्हणून काळ्यांनाच लाल म्हणायचं ठरलं. ॲलिस म्हणजे वजिराच्या पट्टीतलं पांढरं प्यादं.

मग एकेक गाठ सुटत गेली. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जाऊ शकतं, म्हणून तिसरं घर आगगाडीनं पार होतं. बोकड का, ते मलाही ठाऊक नाही, पण गाडी का ते कळलं! मधे मधे ती ओढे ओलांडते, त्या घरांमधल्या रेघा. चौथ्या घरात तिला ते जुळे भाऊ भेटतात आणि जवळच झाडाखाली घोरत पडलेला लाल राजा दाखवतात. पटावर बघा, तो खरोखरच तिच्या शेजारच्या घरात आहे. पांढरा सरदार घोड्यावरून सारखा पडतो, पुढं, मागं आणि अधूनमधून बाजूला. घोड्याची अडीच घरं ज्यानं चालवलीत, त्याला हे बाजूला पडणं समजावून सांगायला नको.

प्याद्याला अख्खा पट कधी दिसत नाही. कोण कुठून आलं, का निघून गेलं, काही कळत नाही. आपल्या घरात जे येईल त्याच्याशी बोलायचं आणि पुढं सरकायचं. गोष्ट तुटक वाटते ती यामुळे. आपणही तिच्याच उंचीवरून बघत असतो.

मराठीत वाचणाऱ्याची एक जादा अडचण आहे. आपला वजीर म्हणजे तिकडची राणी. लाल राणी ॲलिसचा हात धरून वाऱ्यासारखी पळते आणि थांबल्यावर बघावं तर दोघी त्याच झाडाखाली. ‘राणी’ हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांपुढे पैठणी आणि सिंहासन येतं. तिथं वजीर म्हणा, की पटावर एका दमात या टोकाचं त्या टोकाला जाणारं मोहरं दिसतं आणि त्याच्याच नशिबी जागच्या जागी पळणं आल्याची गंमत कळते. (या पळण्यावरून लाल राणीचं नाव 1973 मध्ये ली व्हॅन व्हॅलेन या शास्त्रज्ञानं उत्क्रांतीतल्या एका कल्पनेला दिलं: टिकून राहायचं तरी बदलत राहावं लागतं.)

माझे आजोबा देशी डाव खेळायचे. त्यात प्यादं एकेकच घर जातं आणि शेवटच्या रांगेत ज्या मोहऱ्याच्या घरी पोचेल ते मोहरं होतं. म्हणजे आजोबांच्या पटावर ॲलिसची आगगाडी रद्द, पण मुकुट शाबूत. आठव्या घरात तिच्या डोक्यावर मुकुट येतो तो प्याद्याचा वजीर झाल्यामुळेच.

आरशाचा उलटेपणा तुमच्या लक्षात आला असेलच, त्यावर फार लिहीत नाही. केक आधी वाटायचा आणि मग कापायचा. पांढरी राणी आधी किंचाळते आणि पिन नंतर टोचते. पुस्तक 1871 च्या डिसेंबरमधलं, चित्रं जॉन टेनिएलची. शक्यतो त्या चित्रांसकटच वाचा, नाहीतर अर्धी मजा जाते.

हा डाव कुणा खेळाडूला दाखवाल तर तो वैतागेल. कॅरॉल ऑक्सफर्डला गणित शिकवायचे, तरी इथं पाळीपाळीनं खेळायचा नियम धाब्यावर बसवलाय. 1896 च्या प्रस्तावनेत त्यांनी तसं कबूलही केलं, पण शेवटची मात मात्र नियमाला धरून आहे हे ठासून सांगितलं. शेवटाकडे एकदा पांढऱ्या राजाला शह बसतो आणि त्याची कुणी दखलच घेत नाही. भाचीनं ते आधी पकडलं. तिच्या क्लासमध्ये यावर डाव थांबवला असता, म्हणाली.

शेवटी ॲलिस लाल राणीला धरून गदागदा हलवते. पटावर ती राणीला मारते, आणि त्याच चालीत लाल राजावर मात होते. हा राजा डावभर एकदाही हललेला नाही. जुळ्या भावांनी आधीच सांगून ठेवलंय की तू त्याच्या स्वप्नातली आहेस, तो जागा झाला तर विझून जाशील.

मी सवयीनं काळा राजा आडवा करायला गेलो, तर भाचीनं माझा हात धरला.

“मामा, हळू. तो झोपलाय.”

पट दोन दिवस तसाच फरशीवर होता. केर काढताना सगळे वळसा घालून जात होते.