जुन्या ४०७ चे पुढचे शॉक वर्षभरात पुन्हा गेले, नवे घालताना काय बघावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधरा वर्षं जुनी टाटा ४०७, इंदूर–धुळे फेऱ्या. पुढचे दोन्ही शॉक मागच्या वर्षी बदलले, तरी डावा आता तेलाने माखलाय, ब्रेक मारला की गाडी दोन-तीनदा डोलते आणि पुढचं टायर जागोजागी खळगे पडून झिजतंय. शॉक घरी बदलता येतील का, आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

घरी नक्की बदलता येतील, सपाट जागा हवी. पण नवे शॉक आणण्याआधी टेप घेऊन गाडीखाली जा. शॉक गाडीचं वजन उचलत नाही, ते काम पाट्यांचं, म्हणजे अॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचं. पाट्यांची उसळी शमवणं एवढंच शॉकचं काम. त्यामुळे वर्षभरात शॉक जातो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दोष पाट्यांकडे असतो, असं माझं मत आहे.

मला पहिला संशय येतो तो वाढवलेल्या पाट्याचा. जास्त माल बसावा म्हणून आपल्याकडे एखादा पाटा वाढवतात किंवा कमान चढवून घेतात. मग रिकामी गाडी उंच उभी राहते आणि शॉक आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. परतीच्या रिकाम्या फेरीत चाक खड्ड्यात पडलं की दांडा आतल्या आत शेवटाला जाऊन आपटतो. असं रोज झालं की आधी सील जातं, मग पिस्टनचा नट सुटतो किंवा डोळ्याचं (शॉकच्या टोकाच्या, बोल्ट जातो त्या कडीचं) वेल्डिंग तुटतं. उलट बाजूचा दोष म्हणजे चेसिसखालचं ठोकर रबर गळून पडलेलं असणं. तेव्हा भरलेल्या गाडीत अॅक्सल वर येऊन शॉकच पूर्ण दाबला जातो, जणू तोच ठोकर आहे.

म्हणून माप घ्या. गाडी रिकामी, चाकं जमिनीवर. शॉकच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा. समजा ४६ सें.मी. आलं. मग ठोकर रबर आणि अॅक्सल यांच्यातली फट मोजा, समजा ७. रबर आणखी २ दबेल असं धरा, म्हणजे शॉकला ३७ पर्यंत दबावं लागणार. नवा शॉक पूर्ण दाबून ३५ च्या आसपास किंवा त्याहून कमी भरला पाहिजे. आता चेसिस जॅकवर उचलून, खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावून, अॅक्सल लोंबकळू द्या आणि पुन्हा मोजा. ५४ आलं तर शॉक पूर्ण उघडून ५६ तरी हवा. दुकानात नग हातात घेऊन, दाबून आणि ओढून, दोन्ही मापं तिथेच तपासा. मापात बसत नसेल तर वाढवलेला पाटा काढा. लांब शॉक शोधत बसू नका, तो लांब असेल तर दबल्यावरही लांबच राहतो.

त्याच फेरीत तुटलेला पाटा, सैल यू-बोल्ट, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश आणि चेसिसवरच्या ब्रॅकेटच्या भोकांभोवतीच्या चिरा बघून घ्या. चिरेची खूण म्हणजे धुळीत उमटलेली गंजाची बारीक तांबूस रेघ.

नुसता ओलसरपणा दिसला म्हणून शॉक बाद करू नका. तेल ओघळून त्यावर मातीचा थर बसला असेल तर मात्र तो गेला. उजव्याची शंका असेल तर १५–२० किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून दोन्ही शॉकच्या नळीला हात लावून बघा. काम करणारा कोमट-गरम लागतो, मेलेला चेसिसइतकाच थंड. वाटेतला बिजासनचा घाट उतरून लगेच हे करू नका, शेजारचे ब्रेक ड्रम हात भाजण्याइतके तापलेले असतात. एकच गेला असला तरी एका अॅक्सलचे दोन्ही एकदम बदला, नाहीतर ब्रेकला गाडी एका अंगाला झुकते.

दुरुस्त करून, तेल भरून मिळणारे शॉक घेऊ नका. दांड्याच्या क्रोमला गंजाचे ठिपके पडलेले असतात आणि ते नवं सील महिन्याभरात कापतात. शिवाय आत बऱ्याचदा इंजिन ऑइल घालतात. ते शॉकच्या तेलापेक्षा फार जाड असतं. नवा माल इंदूरच्या देवास नाक्यावर सहज मिळतो, गॅब्रिएल या शॉक बनवणाऱ्या कंपनीचा तर देवासलाच कारखाना आहे. रबर बुश आणि वॉशर नवेच घ्या.

आदल्या संध्याकाळी नटांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावा. पुढची चाकं जमिनीवर ठेवूनच, स्टिअरिंग पूर्ण वळवून हात घालायला जागा होते. उचलायचीच असेल तर अॅक्सलखाली घोडी लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नका. १७ ते २४ पर्यंतचे रिंग पाने जवळ ठेवा. नट आधी थोडा आवळा, मग सोडवा, गंज तडकतो. तरीही हलला नाही तर ग्राइंडरने नट कापा, शॉक तसाही भंगारात जाणार आहे. गॅसची ज्योत मात्र लावू नका. बंद नळीतलं तेल तापून शॉक फुटू शकतो, आणि ब्रेकचा रबरी होजही तिथेच असतो.

नवा शॉक बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढा, पूर्ण दाबा. आडवा पडून राहिलेल्या शॉकमध्ये हवा वर चढलेली असते, ती यातून निघते. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे, मध्येच पोकळ जाणवलं तर नग परत करा. बसवताना धूळटोपी वर, नळी खाली. उलटा लावला तर तो हवाच ओढत राहील. वरचा नट आवळताना दांडा फिरतो म्हणून चकचकीत भागाला पक्कड लावायची घाई होते, तिथे एक ओरखडा म्हणजे गेलं सील. टोकाला दिलेल्या चपट्या कडांवरच पाना धरा.

शॉकच्या वरच्या टोकाला डोळ्याऐवजी आट्यांची काडी असेल तर क्रम असा: वाटीदार वॉशर, रबर, ब्रॅकेट, रबर, वाटीदार वॉशर, नट, लॉक नट. रबर फुगून वॉशरच्या कडेबरोबर आलं की थांबा. कडेबाहेर आलं तर ते दोन फेऱ्यांत फाटतं. डोळ्यातल्या बुशमध्ये लोखंडी नळी रबराला चिकटवलेली असेल तर तो बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळा. अॅक्सल लोंबकळत असताना आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

पहिली फेरी करून परत आलात की चारही नटांवर पुन्हा पाना फिरवा, नवी रबरं बसली की थोडी ढिलाई येतेच. टायरचे खळगे शॉक बदलून भरत नाहीत, ते टायर घरघर करतच राहील. ते मागच्या चाकाला लावा आणि पुढचं अलाइनमेंट करून घ्या.