टीव्हीवर चित्र नाही? आधी अर्थिंग बघा

कॉम्प्युटर चालू, पण टीव्हीवर अंधार. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतायत, म्हणून आज एकत्र उत्तरं.

एचडीएमआय केबल जोडली तरी ‘नो सिग्नल’. (राजारामपुरी)
केबल ज्या पोर्टात आहे तोच पोर्ट रिमोटवरून सोर्समध्ये निवडा. मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ करा.

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून टीव्ही काळा. (शाहूपुरी)
केबल मदरबोर्डच्या जुन्या पोर्टातच राहिली असेल, ती कार्डाच्या पोर्टात घाला. तरीही चित्र नसेल तर स्वतः उघडू नका, ज्यांनी बसवलं त्यांच्याकडेच न्या.

कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए (चित्राचा जुना पोर्ट) आहे. दुकानदार सोन्याच्या मुलाम्याची महागडी केबल घ्या म्हणतो. (गांधीनगर)
घेऊ नका. व्हीजीए अ‍ॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल. नुसत्या तारेनं एकाचं दुसरं होत नाही. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर लागतो, आणि उलट्या दिशेचा गळ्यात मारला तर तो चालणार नाही. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्याची वायर वेगळी. मुलाम्यानं चित्र उजळतं हा निव्वळ विक्रीचा डाव आहे.

लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. केबल लावताना ठिणगी उडाली, तेव्हापासून टीव्हीचा तो पोर्ट बंद. शेजारी म्हणतात, एवढा करंट असतोच. (कळंबा)
शेजाऱ्यांचं ऐकू नका. चार्जरमधल्या फिल्टरमधून थोडा करंट गळतो. तो जमिनीत जावा म्हणून प्लगला वरची जाड पिन असते. अर्थिंग तुटलेलं असेल तर लॅपटॉपच्या बॉडीवर शंभरच्या आसपास व्होल्ट चढतात. करंट अगदी कमी, म्हणून आपल्याला नुसत्या झिणझिण्या. पण एचडीएमआयची चिप उडायला तेवढं पुरतं. त्यात टीव्हीला बाहेरून आलेली केबलवाल्याची वायर असेल तर धोका वाढतो. माझ्याकडे एक चार्जर आला होता, जाड पिन करवतीनं कापलेला, का तर दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये बसावा! असं कृपा करून करू नका. अर्थच्या भोकात टेस्टर पेटला नाही म्हणजे अर्थिंग ठीक, हेही खोटं. वायर तुटलेली असली तरी तो पेटत नाही. परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या, आणि आजच घ्या, पुढचा पोर्ट जाईपर्यंत थांबू नका. तोवर दोन्ही यंत्रं बंद करून, प्लग काढूनच केबल जोडा.

तालमीत लॅपटॉपवरून फुटबॉलची मॅच लावतो. चित्र टीव्हीवर, आवाज लॅपटॉपमधूनच. (शिवाजी पेठ)
स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुटला टीव्ही निवडा. लाइन तात्पुरती ओढलेली असेल तर मॅचच्या आदल्या दिवशी वायरमनला अर्थिंग दाखवा.